थंड ज्वालामुखीचा साधारणधर्म

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनात ज्वालामुखी नाही असे सहसा होत नाही. नागपुरात थंडीच्या दिवसांत ही प्रदर्शने भरतात. सभागृहात शिरले की ठिबक सिंचन, पवनचक्की आणि सौर चूल यांच्या रांगेत एक तपकिरी डोंगर उभा दिसतो. वर्तमानपत्राच्या लगद्याचा शंकू, त्याच्या पोटात लपवलेली प्लास्टिकची बाटली, बाटलीत दोन चमचे खायचा सोडा, थोडे साबणाचे पाणी आणि लाल रंग. परीक्षक समोर आले की वरून व्हिनेगर ओतायचे. फसफसून लाल फेस उतारावरून वाहू लागतो, टाळ्या पडतात आणि पाठ केलेले वाक्य येते : 'हा ज्वालामुखीचा उद्रेक आहे.'

आम्ही दोघे नवरा-बायको नागपुरातल्या दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. दोघांचेही शिक्षण एम.ए. मराठी, विज्ञानाशी औपचारिक संबंध दहावीबरोबर संपला. अशा प्रदर्शनांना आम्हांला बोलावतात ते 'सादरीकरणा'चे गुण देण्यासाठी. २०२३ च्या डिसेंबरात एका शाळेत सहावीतल्या एका मुलीने ते ठरलेले वाक्य म्हटले आणि मग कुणी न विचारताच, आवाज जरा उतरवून ती म्हणाली, "पण सर, हात लावून बघा. हा थंड असतो." आम्ही दोघांनी बोट लावले. फेस खरोखरच गार होता. तिच्या बाई मागून घाईने म्हणाल्या, "ते राहू दे, लाव्हा किती गरम असतो ते सांग." मुलीने तेही सांगितले. आम्ही तिला पूर्ण गुण दिले. लाव्ह्याच्या तापमानासाठी नव्हे, त्या 'पण'साठी.

अलंकार शिकवताना वर्गात आम्ही जे वर्षानुवर्षे सांगत आलो ते त्या 'पण'मध्ये होते. उपमेचे चार घटक विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतात : उपमेय, उपमान, साधारणधर्म आणि साम्यवाचक शब्द. चौघांपैकी तिसरा घटक सर्वांत अवघड. कारण बाकीचे तीन ओळीत सापडतात आणि साधारणधर्म पुष्कळदा वाचकाला शोधावा लागतो. दोन वस्तूंत नेमके समान काय, हे ठरवले की समान काय नाही हेही आपोआप ठरू लागते. उपमेय उपमानापासून कुठे वेगळे पडते ते जिथे स्पष्ट सांगितले जाते, तिथे आपण व्यतिरेक अलंकार मानतो. शास्त्राला त्यात उपमेयाचे आधिक्य अपेक्षित असते; मुलीने सांगितला तो नुसता भेद. पण दिशा तीच. सोडा आणि व्हिनेगर यांच्या या साध्या क्रियेकडे साहित्याच्या शिक्षकांनी पाहावे असे आम्हांला वाटते ते यासाठी.

प्रथम क्रिया. खायचा सोडा म्हणजे सोडिअम बायकार्बोनेट, एक सौम्य क्षार. व्हिनेगर म्हणजे पाण्यात चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल. दोन्ही एकत्र आले की आधी कार्बनिक आम्ल तयार होते. ते टिकत नाही, लगेच फुटून त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते. मागे उरते ते सोडिअम ॲसिटेट नावाचे, पाण्यात विरघळलेले एक लवण. हिशेब चोख आहे : ८४ ग्रॅम सोडा आणि ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल यांपासून ८२ ग्रॅम लवण, १८ ग्रॅम पाणी आणि ४४ ग्रॅम वायू. दोन्ही बाजूंची बेरीज १४४. एका चमच्यात साधारण ५ ग्रॅम सोडा धरला, तर तो पुरता संपवायला पाच टक्क्यांचे सुमारे ७० मिलिलिटर व्हिनेगर लागते आणि सुमारे दीड लिटर वायू निघतो. चमचाभर पांढऱ्या भुकटीतून दीड लिटर! पाहणाऱ्याला स्फोटाचा भास होतो तो या विस्तारामुळे. आता घरोघरी फिरणारे सल्ले आठवावेत. ओट्याचे डाग घालवायला सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओता, असे त्यांत सांगितलेले असते. बुडबुड्यांनी थोडा मळ हलतो हे खरे. पण दोघांनीही एकमेकांचे बळ संपवलेले असते आणि हातात उरते ते बहुतांशी मचूळ पाणी. दोन्ही वेगवेगळे वापरले तर अधिक उपयोगाचे.

ही क्रिया भोवतालची उष्णता शोषून घेते. म्हणून मिश्रणाचे तापमान काही अंशांनी उतरते आणि फेस गार लागतो. दुसरी गंमत अशी की निघणारा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असतो. तो भांड्यात साठतो, आणि पाण्यासारखा ओतला तर पेटती मेणबत्ती विझवतो. जुन्या पद्धतीच्या अग्निशामक नळकांड्यांत सोडा आणि गंधकाम्ल यांची हीच क्रिया कामाला लावलेली असे. म्हणजे प्रदर्शनातला हा ज्वालामुखी थंड तर असतोच, वर तो ज्वाला विझवतो. आणि मराठीत आपण त्याला नाव दिले आहे ते हिमाचलातल्या ज्वालामुखी देवीचे, जिच्या मंदिरात खडकाच्या भेगांतून येणारा वायू अखंड तेवत असतो.

शब्दांचेही पाहण्यासारखे आहे. शाळेच्या पुस्तकातले 'आम्ल' आणि स्वयंपाकघरातले 'आंबट' हे एकाच घरातले; 'क्षार' आणि 'खार' हेही. परंतु परिभाषेने ज्यांना दोन टोकांना उभे केले ते घरात एकत्र नांदतात. लोणच्याचा खार आंबटच असतो. पापडखार घालून पापड फुलतात, सोडा घालून आंबट ताकातला ढोकळा फुलतो, आणि जेवण जड झाले की लिंबू-सोडा फसफसतो. व्हिनेगर मात्र आमच्याकडे उशिरा आले. फारसीतून आलेला 'सिरका' हा शब्द होता, गोव्यात माडाच्या ताडीचे व्हिनेगर जुने आहे. पण वैदर्भीय स्वयंपाकघराचा आंबटपणा चिंचेचा, ताकाचा, लिंबाचा आणि आंबाडीचा. व्हिनेगरची बाटली फडताळात आली ती चायनीजच्या गाड्यांच्या मागोमाग. आजही काही मुले प्रदर्शनात लिंबूच पिळतात. आम्ल बदलले तरी वायू तोच.

आता साधारणधर्माचा प्रश्न विचारू. हा प्रयोग खऱ्या ज्वालामुखीसारखा कशात आहे? आकार, रंग, वाहणे ही वरवरची साम्ये झाली. खरे साम्य एकच : दोन्हीकडे आतला द्रव वर ढकलतो तो वायू. शिलारसात बाष्प, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू दाबाखाली विरघळलेले असतात. रस वर चढू लागला, दाब उतरला, की ते बुडबुड्यांच्या रूपाने सुटतात आणि स्फोट घडवतात. तिथे आम्ल-क्षारांची भेट होत नाही. दाब उतरणे हेच कारण आहे, आणि त्यासाठी अधिक चपखल उपमान आपल्या रस्त्यावरच होते : गोटी सोड्याची बाटली. गोटी आत ढकलली की दाब सुटतो आणि पाण्यात दडलेला वायू उसळून वर येतो. सोडा-व्हिनेगरच्या डोंगरात रूप जुळते, कारण जुळत नाही. सोड्याच्या बाटलीत रूप जुळत नाही, कारण जुळते. पहिल्या उपमेने डोळा सुखावतो, दुसरीने समज वाढते. कवितेतही हे दोन प्रकार आपण रोज पाहतो आणि उत्तरपत्रिकेत दोहोंना सारखेच गुण देतो.

हा विचार नागपुरात बसून करताना पायाखालची जमीन आठवावी लागते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरांवर थर पसरले. त्यांचे अवशेष आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरांवर आहेत. या थरांना 'ट्रॅप' म्हणतात ते पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. सह्याद्रीचे पायऱ्यापायऱ्यांचे कडे पाहिले की नाव पटते. पश्चिमेकडे हा थर प्रचंड जाड आहे. नागपूर त्याच्या पूर्वेकडच्या किनारीवर आहे. सीताबर्डीची टेकडी, जिथे १८१७ मध्ये भोसल्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली, ती बेसाल्टची आहे. शहराच्या पूर्वेला मात्र याहून पुष्कळ जुने खडक लागतात. महत्त्वाचे असे की हा लाव्हा मुख्यतः जमिनीच्या लांबच लांब भेगांतून वाहिला. प्रदर्शनातल्यासारखा टोकदार शंकू आपल्या बहुतेक डोंगरांच्या जन्मकथेत नाही. ज्वालामुखीच्या खडकावर उभ्या असलेल्या शहरातली मुले ज्वालामुखी म्हणून परदेशी चित्रातला डोंगर बनवतात, आणि खिडकीतून दिसणाऱ्या टेकडीचे नाव त्यांच्या तक्त्यावर नसते.

या टेकड्यांचे वाचन पहिल्यांदा नीट केले ते स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. तो १८४५ मध्ये नागपुरात आला आणि १८६३ मध्ये इथल्याच एका नदीत बुडून मरण पावला. १८८३ मध्ये सुरू झालेले हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्याबरोबर त्याने नागपूरच्या परिसरातले, विशेषतः टाकळीजवळचे, जीवाश्म गोळा केले : गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, माशांचे खवले, फळे, बिया. हे अवशेष लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या थरात सापडतात. एक उद्रेक निवला, पुढचा यायचा होता. मधल्या दीर्घ शांततेत तळी साचली, त्यांच्या काठी झाडे वाढली, तळाशी गाळ बसला. मग पुन्हा लाव्हा आला आणि ते सारे झाकले गेले.

भूशास्त्राच्या अभ्यासकाच्या पिशवीत पातळ आम्लाची एक छोटी बाटली असते. खडकावर थेंब टाकायचा. फसफसला तर त्यात चुना आहे. ताज्या बेसाल्टवर थेंब टाकला तर तो गप्प राहतो. फसफस येते ती मधल्या थरात जिथे चुना असेल तिथून, किंवा खडकाच्या पोकळ्यांत नंतर भरलेल्या कॅल्साइटमधून. हिस्लॉपला टाकळीजवळ सापडलेल्या एका हिरव्यागार कॅल्साइटला १८५९ मध्ये 'हिस्लोपाइट' असे नाव दिले गेले. कॅल्साइटच असल्यामुळे तेही आम्लाला बुडबुड्यांनीच उत्तर देणार. म्हणजे प्रयोगातली फसफस नागपूरच्या भूमीत शोधायला गेलो, तर ती लाव्ह्यात भेटत नाही. ती भेटते दोन उद्रेकांमधल्या निवांतपणात, शंखशिंपल्यांच्या तळ्यात. उपमान त्याच गावात राहते, पण शेजारच्या घरात.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी हिस्लॉपबद्दल आणखी एक गोष्ट. याच माणसाने गोंडांची गीते आणि लिंगोची कथा लिहून घेतली. त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल याने ती कागदपत्रे १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. दगड आणि गाणी एकाच हाताने टिपली, हे आम्हांला योगायोगाचे वाटत नाही. दोन्हीकडे काम तेच : थर ओळखणे, आणि कुठला थर कुठल्या काळाचा हे न मिसळणे.

सोडा आणि ज्वालामुखी यांची गाठ आणखी एका ठिकाणी पडते, आणि तेही विदर्भातच. बुलढाणा जिल्ह्यातले लोणार. बेसाल्टमध्ये पडलेला सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा आणि त्याच्या तळाशी खाऱ्या, सोडायुक्त पाण्याचे सरोवर. त्याचा सामू १० च्या आसपास राहत आलेला आहे, म्हणजे ते चांगलेच क्षारधर्मी. या पाण्यातला सोडा शतकानुशतके काढला जात असे. काच आणि साबण यांना लागणारी सामग्री इथे मिळते, असा उल्लेख अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त आहे. महानुभाव वाङ्मयाच्या वाचकांना लोणार माहीत आहे ते 'लीळाचरित्रा'तून. चक्रधरस्वामी आणि यादवराजा कान्हरदेव यांची भेट तिथलीच. आणि गावच्या कथेत ते लवणासुराचे विवर. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले.

गोल खड्डा, भोवती लाव्ह्याचा खडक, तळाशी क्षार. यावरून हे ज्वालामुखीचे मुख आहे असेच अनेक अभ्यासकांना दीर्घकाळ वाटले, आणि तसे वाटणे स्वाभाविक होते. साम्य डोळ्यांत भरणारे होते. १९७३ मध्ये कर्ट फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खडकात प्रचंड आघातानेच होणारे बदल दाखवले, आणि हा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने झाला हे सिद्ध केले. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इथे आधी भ्रांतिमान होता, मग अपह्नुती झाली : हे ज्वालामुखीचे मुख नव्हे, हा आघाताचा व्रण आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हाही लोकांनी त्यात नाना अर्थ वाचले. तपासणीअंती निघाले ते खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

भ्रांतिमान अलंकाराबद्दल अलंकारशास्त्राने एक अट घातली आहे, ती वर्गात आम्ही घाईने सांगून टाकत असू. साम्यामुळे एका वस्तूच्या ठिकाणी दुसरीचा भास होणे म्हणजे भ्रांतिमान. परंतु तो भास कविप्रतिभेतून आलेला हवा. अंधारात दोरीला साप समजून कुणी खरोखर दचकला, शिंपीला चांदी समजून कुणी उचलायला वाकला, तर तो अलंकार नव्हे, ती नुसती चूक. हजारएक वर्षांपूर्वीच्या या पंडितांना हा फरक नोंदवून ठेवावासा का वाटला, हे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. ते कळले घरातल्या एका मृत्यूने.

आमच्यापैकी एकाची आत्या, दुसरीची आत्येसासू. घरात सगळेच त्यांना आत्या म्हणत. दर्यापूरकडच्या शेतकरी घरात वाढलेल्या, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना शेकड्यांनी येत, आणि एखादी ओवी का चांगली हे त्या आमच्याहून नेमके सांगत. २०१६ मध्ये त्यांच्या स्तनात गाठ आढळली. निदान कर्करोगाचे होते, गाठ लहान होती, डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली. त्याच सुमारास कुणीतरी त्यांच्या हातात एक पुस्तिका दिली. तिच्यात लिहिले होते की कर्करोग म्हणजे शरीरात साठलेला आंबटपणा. खायचा सोडा पाण्यातून घेत राहिले की आम्ल मरते आणि गाठ विझते. पुस्तिकेत एक प्रयोगही सुचवला होता : व्हिनेगरमध्ये सोडा टाका आणि आम्ल कसे नाहीसे होते ते डोळ्यांनी पाहा.

आत्यांनी तो प्रयोग करून पाहिला. आम्ही विरोध केला, वाद घातला, दोनदा डॉक्टरांकडे नेले. त्यांचे उत्तर आजही आम्हांला शब्दश: आठवते. "जमीन आंबट झाली का चुना टाकतात ना रे? तसंच आहे हे. शरीर म्हणजे काय, वावरच." आठ महिने त्या सोड्याचे पाणी घेत राहिल्या. २०१७ मध्ये उपचार सुरू झाले तेव्हा आजार काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. २०१९ मध्ये त्या गेल्या.

आत्यांना फसवले ते विज्ञानाच्या अज्ञानाने, असे कुणी म्हणाले तर आम्हांला ते पटत नाही. त्यांना फसवले ते उपमेने, आणि उपमा त्यांच्यासारख्या रसिक बाईलाच अधिक सहज फसवू शकते. शरीर हे वावर, रोग हा आंबटपणा, सोडा हा चुना : रूपकाची ही साखळी देखणी आहे. तिच्यात एक अर्धसत्यही आहे. गाठीच्या निकटचा भाग आम्लधर्मी असू शकतो. परंतु ते प्रामुख्याने गाठीच्या वाढीचे फळ आहे, मूळ नव्हे. आणि प्यालेला सोडा तिथवर जाऊन ते बदलून टाकत नाही. तो प्रथम जठरातल्या आम्लाला भेटतो, तिथेच फसफसतो आणि ढेकर होऊन निघून जातो. उरलेला रक्तात गेला तरी मूत्रपिंडे जादा क्षार बाहेर टाकतात. आणि प्रमाण त्यांच्या आवाक्याबाहेर गेले तर रक्तच अति क्षारधर्मी होऊन जिवाला धोका होतो.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. दर्यापूर खारपाण पट्ट्यात येते. अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णेच्या खोऱ्यात जमीन आणि भूजल खारे आहे; सोडिअमने काळी माती चोपण होते, पाणी मुरत नाही, पीक गुदमरते. विहिरीला पाणी असून ते पिण्याजोगे नसते. चुना टाकून सुधारावी लागते ती आम्लधर्मी जमीन त्यांच्या मुलखात नव्हतीच. त्या वावरात आधीच चुनखडीचे खडे होते, ज्यांच्यावर लिंबू पिळले तर फस्स होते. तिथल्या माणसांचा सारा जन्म जादा क्षाराशी झुंजण्यात जातो. म्हणजे त्या उपमेचा व्यतिरेक त्यांच्या माहेरच्या शिवारातच पसरलेला होता. शरीर जर वावर असेल, तर ते त्यांच्या गावचे वावर का नव्हे? हा प्रश्न पुस्तिकेने विचारू दिला नाही. विचारू न देणे हेच अशा पुस्तिकांचे काम असते.

शरीराची गोष्ट इथे संपत नाही. कारण सोडा आणि आम्ल यांची ही क्रिया शरीरात खरोखरच चालते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्टीत राखावा लागतो, आणि ते राखण्यात मोठा वाटा रक्तातल्या बायकार्बोनेटचा. आम्ल वाढले की ते त्याला गाठते, कार्बनिक आम्ल तयार होते, त्याचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि फुफ्फुसे तो वायू बाहेर सोडतात. पेशींत तयार होणारा कार्बन डायऑक्साइडही बहुतांशी बायकार्बोनेटच्या रूपानेच रक्तातून प्रवास करतो आणि फुफ्फुसात पुन्हा वायू होतो. जठरातून उतरलेले आम्ल शमवायला स्वादुपिंड स्वतःचे बायकार्बोनेट ओतते. दिवसाकाठी माणूस साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड श्वासावाटे टाकतो. प्रदर्शनातल्या बाटलीत जी घटना अर्ध्या मिनिटात, गाजावाजाने होते, तीच आपल्या छातीत जन्मभर आवाज न करता होत असते.

इथे 'सारखी' हा शब्द वापरावा लागत नाही, हे ध्यानात घ्यावे. बाटलीतली क्रिया ज्वालामुखीसारखी दिसते. श्वासातली क्रिया मुळाशी तीच आहे. दोन्ही विधाने मराठीत जवळजवळ एकाच घाटाची होतात, आणि ऐकणाऱ्याला त्यांतला फरक जाणवतोच असे नाही. तो फरक ऐकू यावा म्हणून कान तयार करणे हे आमच्या विषयाचे काम आहे, असे आता आम्हांला वाटते. 'अलंकार शिकून पुढे काय उपयोग?' असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. बहुतेकांना स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात, आणि मराठीचा तास हा त्यांना त्या वाटेतला विसावा वाटतो. पूर्वी आम्ही रसास्वाद, संस्कार असे काही सांगत असू, आणि ते खोटेही नव्हते. पण साम्य हे सौंदर्यही असते आणि पुरावा म्हणूनही खपवले जाते. राष्ट्र म्हणजे देह, समाज म्हणजे कुटुंब, शरीर म्हणजे वावर, असे म्हणून लगेच पुढचा आदेश दिला जातो : म्हणून अमुक करा. 'म्हणजे' आणि 'म्हणून' यांच्या मधल्या जागेत थांबता येणे, एवढे तरी अलंकाराच्या तासाने शिकवले पाहिजे.

उपमेवर अविश्वास ठेवावा असे आमचे म्हणणे नाही. उपमेवाचून विज्ञानालाही बोलता येत नाही. विजेचा 'प्रवाह' आणि ध्वनीची 'लाट' हे शब्द आधी पाण्याचे आहेत. भामहानेही उपमेचे सात दोष सांगितले ते मेधावी नावाच्या आचार्याचा हवाला देऊन, आणि त्यांत 'असदृशता' आणि 'असंभव' हे दोन दोष आहेत. उपमा टाकून द्या, असे त्याने म्हटले नाही. ती तपासा, एवढेच म्हटले.

गेली काही वर्षे आम्ही दोघेही आपापल्या वर्गात उपमेच्या चार घटकांनंतर एक पाचवा प्रश्न विचारतो : 'हे साम्य कुठे संपते?' उत्तरासाठी पाच ओळी आणि दोन गुण. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न नाही, त्यामुळे हे गुण अंतर्गत चाचणीपुरतेच. सुरुवातीला मुले 'साम्य संपत नाही, कारण कवी श्रेष्ठ आहे' असे लिहीत. गेल्या वर्षी एका मुलाने वृत्तपत्रातली एक उपमा उचलून तिचा साधारणधर्म कुठपर्यंत खरा आणि कुठून खोटा हे पाच ओळींऐवजी दोन पाने लिहून दाखवले. गुण दोनच होते. ते दोन्ही त्याला दिले आणि त्याची पाने ठेवून घेतली.